फॅरडेचा प्रश्न आणि मॅक्सवेलची समीकरणे

१८५७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधून एक पत्र स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरी गेले. पत्र लिहिणारा मायकेल फॅरडे सहासष्ट वर्षांचा होता आणि युरोपभर त्याच्या प्रयोगांचा दबदबा होता. ज्याला ते लिहिले तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल अवघा सव्वीस वर्षांचा, नुकताच प्राध्यापक झालेला तरुण. फॅरडेने त्या पत्रात एक गोष्ट अगदी मोकळेपणाने विचारली होती. गणिती पंडित एखाद्या प्रश्नाचा शोध घेत आपल्या निष्कर्षाप्रत पोहोचले, म्हणजे तो निष्कर्ष सूत्रांत जितका पूर्ण आणि स्पष्ट असतो तितकाच पूर्ण आणि स्पष्ट करून त्यांना नेहमीच्या बोलीत सांगता येणार नाही काय? आपल्या चित्रलिपीतून त्यांनी तो एवढा उतरवून दिला, तर प्रयोग करणाऱ्यांनाही त्यावर काम करता येईल, असे त्याचे म्हणणे होते.

प्रश्न वरवर पाहता एका वृद्धाच्या नम्रतेचा वाटतो. परंतु पदार्थविज्ञानाच्या गेल्या तीन शतकांच्या इतिहासात याहून अवघड प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. समीकरण हाती आले, त्यातून निघणारे आकडे प्रयोगाशी जुळले, एवढ्याने निसर्गात काय चालले आहे हे कळले असे म्हणता येईल काय? आणि कळले नसेल, तर कळण्यासाठी आणखी काय हवे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढली जवळजवळ पन्नास वर्षे गेली. ती हकीकत विद्युत् आणि चुंबक यांच्या शास्त्रातली आहे, आणि घरोघरच्या रेडिओशी तिचे अगदी जवळचे नाते आहे.

फॅरडेला गणित येत नव्हते ही गोष्ट त्याने कधी लपविली नाही. लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला, आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचता वाचताच रसायन व विद्युत् यांच्या नादी लागला. लिहिणे, वाचणे आणि साधे अंकगणित एवढ्यावर त्याची शाळा संपली. विद्युत्‌विषयक संशोधनाचे त्याचे जे लेख आहेत त्यांत क्रमांक घातलेले तीन हजारांहून अधिक परिच्छेद आहेत. समीकरण म्हणावे असे मात्र त्यांत शोधूनही सापडणे कठीण. तेथे आहेत तारा, लोखंडी कडी, काचा, लोहचुंबक आणि लोखंडाचा कीस.

या लोखंडाच्या किसानेच सारे प्रकरण उभे केले. लोहचुंबकावर कागद धरून त्यावर कीस भुरभुरावा आणि कागदाला हलकेच टिचकी मारावी, की एका ध्रुवापासून निघून वळसा घेत दुसऱ्या ध्रुवापाशी जाणाऱ्या रेषांची सुबक नक्षी उमटते. ही नक्षी फॅरडेच्या आधीही लोकांना ठाऊक होती. तथापि त्या नक्षीकडे पाहून फॅरडेने जे म्हटले ते कोणी म्हटले नव्हते. कीस काढून घेतला तरी रेषा तेथे आहेतच, असे तो म्हणू लागला. लोहचुंबकाभोवतीची रिकामी जागा रिकामी नाही. तिला एक प्रकारचा ताण आहे. या बलरेषा ताणलेल्या दोरीप्रमाणे आखडू पाहतात आणि शेजारच्या रेषांना बाजूला रेटतात. चुंबकाचा जोर चुंबकात जितका आहे तितकाच तो त्याच्या भोवतालच्या अवकाशात आहे.

त्या काळच्या पंडितांना हे म्हणणे कवित्वाचे वाटले. त्यांच्यापाशी कूलंबचा १७८५ सालचा नियम होता. दोन विद्युत्‌भारांतील बल त्यांच्यामधील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे तो नियम चोखपणे सांगत होता. मध्ये काय आहे याची त्याला फिकीर नव्हती. एक भार येथे, दुसरा तेथे, आणि मधल्या कशालाही न शिवता एकाने दुसऱ्याला खेचले वा ढकलले: न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाचा कित्ता सर्वांनी गिरविला होता. गमतीची गोष्ट अशी की, निर्जीव वस्तू मध्यस्थावाचून दुरून दुसऱ्या वस्तूवर परिणाम करते ही कल्पना खुद्द न्यूटनला मुळीच पटत नव्हती, आणि बेंटली नावाच्या धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने तसे साफ म्हटलेही होते. परंतु शिष्यांना गुरूचे सूत्र तेवढे आठवते, गुरूची शंका आठवत नाही. इंग्लंडचा राजज्योतिषी एअरी याने १८५५ साली लिहिले की, दूरबलाच्या नियमाने काढलेले गणित निरीक्षणाशी किती अचूक जुळते हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या नियमाऐवजी बलरेषांसारखी धूसर गोष्ट क्षणभरही पत्करणार नाही.

एअरीचे म्हणणे सहज हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आकडे त्याच्या बाजूला होते. फॅरडेपाशी एक चित्र होते, आणि चित्रातून आकडे निघत नव्हते.

नेमक्या याच वेळी मॅक्सवेल पुढे आला. त्याचा जन्म १८३१ चा. त्याच वर्षी ऑगस्टच्या २९ तारखेला फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन तारा गुंडाळून विद्युत् प्रवर्तनाचा शोध लावला होता. लहानपणी हा मुलगा दारातले कुलूप, घंटेची तार, ओढ्याचे पाणी, काहीही दिसले तरी ते चालते कसे म्हणून विचारीत असे, आणि मोघम उत्तर मिळाले तर पुन्हा तोच प्रश्न टाकीत असे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८५४ साली तो दुसरा आला. विद्युत्‌शास्त्राकडे वळताना मात्र त्याने ठरविले की फॅरडेचे संशोधन वाचून होईपर्यंत या विषयावरील गणिती ग्रंथ हाती घ्यायचे नाहीत. वाचल्यावर त्याला आढळले की फॅरडेची विचारपद्धतीही गणितीच आहे. फक्त तिला रूढ चिन्हांचा वेष नाही.

१८५५-५६ साली केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढे त्याने जो निबंध वाचला त्यात बलरेषांना गणिताचा वेष चढविला, आणि तो एका साध्या उपमेने. अवकाशात एक कल्पित द्रव वाहतो आहे असे धरा. एका बिंदूपाशी त्याचा झरा आहे आणि तेथून तो सर्व दिशांना सारखा पसरतो. झऱ्यापासून एक हात अंतरावर कल्पिलेल्या गोलाच्या पृष्ठातून दर क्षणी जितके पाणी बाहेर पडेल, तितकेच दोन हात अंतरावरील गोलातूनही पडले पाहिजे, कारण मध्ये ते कोठे मुरत नाही. पण दुसऱ्या गोलाचे पृष्ठ पहिल्याच्या चौपट आहे. तेव्हा प्रवाहाचा जोर तेथे चतुर्थांश झाला पाहिजे. तीन हातांवर तो नवमांश होईल. झाले! अंतराच्या वर्गाचा जो व्यस्त नियम कूलंबच्या हाती नुसता मोजून आलेला एक आकड्यांचा संबंध होता, त्याचा अर्थ उमगला. त्यातला वर्ग कोठून आला? गोलाचे पृष्ठ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते, येथून. जे काही पसरते आहे ते वाटेत नाहीसे होत नाही, एवढेच तो नियम सांगतो. मॅक्सवेलने बजावले होते की हा द्रव खरा नव्हे, विचाराला धरायला एक काठी तेवढी आहे. फॅरडेने निबंध पाहून मार्च १८५७ मध्ये कळविले की, आपल्या विषयावर गणिताचा एवढा मारा पाहून आपण प्रथम घाबरलोच होतो, आणि नंतर विषयाने तो इतका चांगला सोसला याचे नवल वाटले. नोव्हेंबरातले ते चित्रलिपीचे पत्र याच्यानंतर आठ महिन्यांनी आले.

१८६० साली मॅक्सवेल लंडनच्या किंग्ज कॉलेजात आला, आणि १८६१-६२ मध्ये त्याने चार भागांचा जो लेख प्रसिद्ध केला त्याला पदार्थविज्ञानाच्या इतिहासात जोड नाही. या लेखात द्रवाच्या उपमेवर तो थांबला नाही. बलरेषा दोरीसारखी आखडते आणि शेजारणीला रेटते, असे जे फॅरडे म्हणतो, ते घडवून आणील असे यंत्र त्याने मनाने उभारले. अवकाश असंख्य सूक्ष्म भोवऱ्यांनी भरलेला आहे आणि प्रत्येक भोवरा बलरेषेच्या आसाभोवती गरगर फिरतो आहे, अशी कल्पना करा. फिरणारी वस्तू मध्यापासून बाहेर फाकते. भोवरा फाकला की बाजूला रेटा बसतो आणि लांबीने तो आखडतो. फॅरडेच्या रेषांचे दोन्ही गुण आपोआप हजर!

पण एक अडचण होती. शेजारी शेजारी असलेले दोन भोवरे एकाच दिशेने फिरू लागले, तर जेथे ते एकमेकांना टेकतात तेथे त्यांच्या गती परस्परविरुद्ध होऊन ते घासतील आणि अडतील. यंत्रे बनविणाऱ्या कारागिराला याचा तोडगा ठाऊक असतो. दोन चाके एकाच दिशेने फिरवावयाची असतील तर तो त्यांच्यामध्ये एक लहान चाक बसवितो. मॅक्सवेलने भोवऱ्यांमध्ये अशा बारीक कणांची रांग बसविली. मग त्याला दिसून आले की हे कण जागचे हलून पुढे सरकू लागले तर तोच विद्युत्‌प्रवाह होय. एखाद्या भोवऱ्याची गती बदलली की भोवतालचे कण ढकलले जातात. हे फॅरडेचे १८३१ चे प्रवर्तन. तारेत हे कण मोकळेपणाने सरकतात. काचेसारख्या पदार्थात त्यांना जागा सोडता येत नाही, पण भोवऱ्यांचे द्रव्य रबरासारखे लवचीक असल्यामुळे ते थोडेसे कलतात आणि ताण सोडला की परत येतात. हे कलणे, हे विस्थापन, जोवर चालू आहे तोवर क्षणभर तोही एक प्रवाहच नव्हे काय?

महाविद्यालयांतील पुस्तकांत हा विस्थापनाचा प्रवाह पुष्कळदा निराळ्या वाटेने येतो. लेडनच्या बरणीत विद्युत् भरताना तारेतून प्रवाह जातो, पण बरणीच्या काचेतून जात नाही. मग तारेभोवती चुंबकसुई ढळते आणि काचेभोवती काय होते? हिशेब तुटू नये म्हणून काचेतील बदलत्या ताणालाही प्रवाह मानावे लागते, असे तेथे सांगतात. युक्तिवाद बिनचूक आहे आणि शिकविण्यास सोयीचाही आहे. परंतु मॅक्सवेलला ती गोष्ट अशी सुचली नाही. त्याला ती सुचली लवचीक भोवरे आणि त्यांच्यामधली चाके यांच्या त्या ओबडधोबड चित्रातून. तयार समीकरण हाती देणारा ग्रंथ ते कोणत्या भट्टीतून निघाले हे सांगत नाही, आणि मग विद्यार्थ्याला ते आकाशातून पडल्यासारखे वाटते.

लवचीक पदार्थातून लहरी जातात, आणि पदार्थाची लवचीकता व घनता ठाऊक असली तर त्यांचा वेग काढता येतो. मॅक्सवेलच्या यंत्रात या दोन्ही गोष्टी विद्युत् आणि चुंबक यांच्या मोजमापांशी बांधलेल्या होत्या. जर्मनीत वेबर आणि कोलरॉउश यांनी १८५६ साली असे एक मोजमाप प्रसिद्ध केले होते. विद्युत् मोजण्याच्या दोन रीती आहेत: स्थिर भार एकमेकांना किती जोराने ढकलतात हे पाहणे ही एक, आणि तोच भार तारेतून वाहू देऊन चुंबकसुई किती ढळते हे पाहणे ही दुसरी. या दोन मापांचे गुणोत्तर काढले की जे उरते ते वेगाच्या जातीचे असते, सेकंदाला अमुक मैल असे. वेबरच्या हाती हा आकडा होता. परंतु त्याच्या गणिताच्या पद्धतीत तो दोनाच्या वर्गमुळाने मोठा होऊन बसला होता, आणि कशाचा वेग, याला तेथे उत्तर नव्हते. १८५७ साली किर्खोफने अत्यंत सुवाहक तारेतून विद्युत्‌संकेत किती वेगाने जाईल हे काढले. तो वेग प्रकाशाच्या वेगाएवढा येतो हे त्याने पाहिले, लिहिलेही, आणि तो पुढच्या विषयाकडे वळला. त्याच्या मते विद्युत् तारेत होती. भोवतालच्या जागेत काही घडत असेल ही कल्पनाच त्या गणितात बसत नव्हती. प्रकाश तर रिकाम्या जागेतून येतो. मग दोन आकडे सारखे आले हा योगायोग, दुसरे काय?

१८६१ च्या उन्हाळ्यात मॅक्सवेल आपल्या ग्लेनलेअर या गावच्या घरी होता. तेथे त्याने लहरींच्या वेगाचे सूत्र मांडले. पण वेबरचा आकडा पाहण्यासाठी लागणारी पुस्तके लंडनला होती. शरदात परत आल्यावर त्याने तो आकडा सूत्रात घातला. उत्तर आले सेकंदाला १,९३,०८८ मैल. फिझोने १८४९ साली दातेरी चाक फिरवून मोजलेला प्रकाशाचा वेग मॅक्सवेलपाशी होता: १,९५,६४७ मैल. शेकडा दीडाचाही फरक नाही. ऑक्टोबरात त्याने फॅरडेला पत्र लिहून ही हकीकत कळविली, आणि खेड्यात समीकरणे मांडली तेव्हा वेबरचा आकडा आपण पाहिलाही नव्हता, हे आवर्जून सांगितले. आजच्या मापाने वेग १,८६,२८२ मैल येतो, म्हणजे त्या दोन्ही आकड्यांत शेकडा तीन ते पाचांची चूक होती. चुका एकाच दिशेच्या होत्या हे शास्त्राचे नशीब!

ज्या माध्यमामुळे विद्युत् आणि चुंबक यांच्या घटना घडतात, त्याच माध्यमाचे आडवे कंप म्हणजे प्रकाश, असा निष्कर्ष मॅक्सवेलने त्या लेखात काढला. किर्खोफ आणि मॅक्सवेल यांच्यापुढे आकडा एकच होता. एकाच्या मनात अवकाश रिकामा होता, दुसऱ्याच्या मनात तो लोखंडाच्या किसाने दाखविलेल्या ताणांनी भरलेला होता. गणिताच्या सामर्थ्यात किर्खोफ उणा नव्हता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यानंतर मॅक्सवेलने जे केले त्याने त्याचे मित्रही बुचकळ्यात पडले. ८ डिसेंबर १८६४ रोजी रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात भोवरे आणि चाके जवळजवळ नाहीशी झाली. उरली ती वीस राशींची वीस समीकरणे, आणि 'क्षेत्र' हा शब्द. कमान पुरी झाल्यावर गवंडी खालचा लाकडी आधार काढून घेतो तसे ते होते. मॅक्सवेलने ती चाके निसर्गात खरोखर आहेत असे कधीच म्हटले नव्हते. ही रचना ओबडधोबड आणि तात्पुरती आहे हे त्याने पहिल्याच वेळी स्पष्ट केले होते. पुढे १८७९ साली एका परीक्षणात त्याने घंटाघराचा दाखला दिला. वरच्या मजल्यावर घंटा आणि त्यांचे यंत्र आहे. खाली छताच्या भोकांतून दोर लोंबत आहेत. प्रत्येक दोर ओढून, सोडून, एक ओढला असता दुसरा किती वर जातो हे पाहून खालच्या माणसाला यंत्राविषयी पुष्कळ काही निश्चितपणे सांगता येते. वर चाके आहेत की तरफा, हे मात्र सांगता येत नाही, आणि सांगण्याची गरजही नसते.

म्हणून मॅक्सवेलने अर्थ सोडला असे समजू नये. समीकरणातील चिन्हांना बोलकी नावे असावीत यासाठी तो झटत होता. १८७१ च्या एका लेखात त्याने एका क्रियेला उतार म्हटले, दुसरीला अभिसरण म्हटले, आणि तिसरीसाठी अनेक शब्द मनात घोळवून शेवटी 'कर्ल' हा शब्द निवडला. कुरळ्या केसाला जो वळसा असतो तोच हा शब्द सुचवितो. पाण्यात टाकलेले लहानसे चक्र प्रवाहाबरोबर वाहत असताना जागच्या जागी गिरकीही घेत असेल, तर त्या ठिकाणी प्रवाहाला कुरळ आहे. नुसतेच पुढे वाहत असेल तर नाही. इतके कळले की पानभर चिन्हांचा अर्धा धाक जातो.

आज विद्यार्थ्यांना जी चार समीकरणे मॅक्सवेलची म्हणून शिकवितात, ती त्या रूपात त्याने लिहिली नव्हती. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी तो वारला तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. ते काम ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रजाने १८८४-८५ मध्ये केले. हा मनुष्य सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला, तारखात्यात काम केलेला आणि पुढे नोकरी सोडून घरी बसून मॅक्सवेलचा ग्रंथ स्वतःच शिकलेला. हेव्हिसाइडने झाडझूड करून जी चार विधाने उरविली ती फॅरडेला बोलीत सांगता आली असती. विद्युत्‌रेषा भारापासून उगवतात आणि भारापाशीच मावळतात. भार नसेल तेथे जितक्या आत येतात तितक्याच बाहेर जातात. चुंबकीय रेषांना उगमही नाही आणि अंतही नाही. लोहचुंबकाचे कितीही तुकडे करा, एकटा ध्रुव हाती लागत नाही. चुंबकीय क्षेत्र बदलले की त्याच्याभोवती विद्युत्‌क्षेत्राचा वळसा पडतो. आणि विद्युत्‌प्रवाह असेल किंवा विद्युत्‌क्षेत्र बदलत असेल, तर त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्राचा वळसा पडतो. चौथ्या विधानाचा उत्तरार्ध मॅक्सवेलचा; बाकीचे मूळ त्याच्या आधीच्यांचे. परंतु तो उत्तरार्ध नसता तर साखळी पुरी झाली नसती. एकातील बदल दुसऱ्याला उठवितो, दुसऱ्यातील बदल पुन्हा पहिल्याला. आणि अशी एकमेकांना उठवीत ती जोडी तार, भार, चुंबक सर्व मागे टाकून मोकळ्या जागेतून पुढे चालू लागते. प्रकाश म्हणजे हे चालणे.

तरीही पुष्कळांना हे पटले नाही. लॉर्ड केल्व्हिन या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेला विल्यम टॉमसन मॅक्सवेलचा जुना स्नेही. १८८४ साली बाल्टिमोर येथील व्याख्यानांत त्याने सांगितले की एखाद्या वस्तूची यांत्रिक प्रतिकृती करता आल्याशिवाय ती समजल्याचे आपल्याला समाधान होत नाही, आणि म्हणूनच प्रकाशाचा विद्युच्चुंबकीय सिद्धांत आपल्या गळी उतरत नाही. फ्रान्समध्ये निराळीच तऱ्हा होती. मॅक्सवेलचा १८७३ चा दोन खंडांचा ग्रंथ कसून वाचलेल्या एका फ्रेंच विद्वानाची गोष्ट प्वांकारेने सांगितली आहे. त्याला ग्रंथातले सर्व काही समजले होते. विद्युत्‌भारित वस्तू म्हणजे काय, एवढेच तेवढे समजले नव्हते! हा विनोद नव्हता. गणित ओळीमागून ओळ बरोबर सुटत होते, आणि ते कशाविषयी आहे हे हाती लागत नव्हते.

गाठ सोडविली ती हाइनरिख हर्ट्‌झ याने. कार्ल्सरूहे येथील तंत्रविद्यालयात १८८६ ते १८८८ या काळात त्याने दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणग्या पाडून विद्युत्‌कंप निर्माण केले, आणि दूर ठेवलेल्या तारेच्या कड्यातील बारीक फटीत ठिणगी पडते काय ते पाहिले. ती ठिणगी इतकी क्षीण असे की ती अंधारात डोळे सरावल्यावरच दिसे. खोलीच्या एका टोकाला जस्ताचा पत्रा उभा करून लहरी परतविल्या, तेव्हा ठराविक अंतरावर ठिणगी उमटे आणि मधल्या जागी विझे. त्यावरून लहरींची लांबी निघाली. मग त्याने जस्ताचे अन्वस्त आरसे केले, डांबरासारख्या कठीण पदार्थाचा पाचशे किलोंहून अधिक वजनाचा लोलक ओतविला, आणि या अदृश्य लहरी प्रकाशाप्रमाणेच परततात, वाकतात, लाकडी दारातूनही पलीकडे जातात हे दाखविले. पुढे १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी याच जातीच्या, पण काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. रेडिओवरचे भाषण ज्यांच्या पाठीवर बसून येते त्या लहरी याच कुळातल्या.

हर्ट्‌झने १८९२ साली आपले लेख ग्रंथरूपाने काढले तेव्हा प्रस्तावनेत त्याने स्वतःच प्रश्न घातला की मॅक्सवेलचा सिद्धांत म्हणजे नेमके काय? त्याचे उत्तर असे की मॅक्सवेलचा सिद्धांत म्हणजे मॅक्सवेलची समीकरणे. याहून थोडक्यात आणि निश्चितपणे ते सांगता येत नाही. मॅक्सवेल, हेल्महोल्ट्झ आणि तो स्वतः, अशा तिघांनी निरनिराळ्या चित्रांनी ती मांडली असली तरी ती चित्रे म्हणजे निसर्गाच्या साध्या अंगावर आपण घातलेली रंगीत वस्त्रे. त्यांचा रंग आणि बेत आपल्या मर्जीचा.

हे वाक्य पुढे फार गाजले आणि फार वाईट रीतीने वापरलेही गेले. समीकरण पाठ करा, अर्थ विचारू नका, असा त्याचा आशय अनेकांनी घेतला. तसे म्हणण्याचा हर्ट्‌झला अधिकार असला तरी इतरांना नाही, कारण त्याने महिनोन्महिने अंधारात बसून ती ठिणगी पाहिली होती. प्रत्येक चिन्ह हलले की कोठे काय दिसेल हे त्याला ठाऊक होते. त्याच्या दृष्टीने समीकरण मुके नव्हतेच. केल्व्हिनला जी चाके हवी होती ती त्याने नाकारली, एवढाच त्या वाक्याचा रोख. फॅरडेने तरी चाके कोठे मागितली होती? ज्यावर प्रयोग करता येईल असा बोलीतील अर्थ त्याने मागितला होता, आणि कार्ल्सरूहेच्या त्या खोलीत तो अक्षरशः मिळाला. हर्ट्‌झ १ जानेवारी १८९४ रोजी छत्तिसाव्या वर्षी वारला.

वस्त्रे बदलत राहिली. मॅक्सवेल काय, हर्ट्‌झ काय, दोघांनाही लहरी वाहून नेणारे ईथर नावाचे द्रव्य हवे होते. १८८७ साली अमेरिकेत मायकेल्सन आणि मोर्ली यांनी पृथ्वीची त्या ईथरमधील गती मोजण्याचा प्रयत्न केला, तो रिकामा गेला. आणि १९०५ साली आइन्स्टाइनने ईथरची गरजच नाही असे दाखविले. समीकरणांतील एक अक्षरही त्यासाठी बदलावे लागले नाही. भोवरे गेले, चाके गेली, ईथर गेले, आणि क्षेत्र तेवढे राहिले, कशाचाही आधार नसलेले. विलक्षण गोष्ट अशी की, एप्रिल १८४६ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात फॅरडेने अगदी हेच सुचविले होते: प्रकाशाचे कंप हे बलरेषांचेच कंप असावेत, आणि तसे असेल तर कंप ठेवून ईथरला निरोप देता येईल. मॅक्सवेलने १८६४ च्या निबंधात मान्य केले की आपला प्रकाशाचा सिद्धांत सारभूत दृष्टीने फॅरडेचाच आहे. फक्त १८४६ साली वेग काढण्यास लागणारी मापे कोणापाशी नव्हती.

त्या वेगाचेही पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. शतकभर त्याचे मोजमाप अधिकाधिक सूक्ष्म होत गेले, इतके की मीटरची व्याख्याच त्याच्या मानाने कच्ची ठरू लागली. म्हणून १९८३ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्यवस्था उलटी केली. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा ठरविला गेला, आणि त्यावरून मीटर किती लांब ते निघू लागले. वेबर आणि कोलरॉउश यांनी बरणीतील विद्युत् चुंबकसुईवर सोडून जो आकडा प्रथम हाती आणला होता, तो आता कोणी मोजीत नाही.